मुलुंड ते टोकियो, व्हाया आमची बिल्डिंग

लोक विचारतात, परदेशात राहताना काय काय गमती झाल्या? मी म्हणते, परदेशात काहीच झालं नाही हो! जे काय झालं ते जायच्या आधी, मुलुंडमध्ये. किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. माळ्यावर रिकामे डबे साठतात ना, तसे साठतात. एक काढायला जावं तर चार डोक्यावर पडतात!

तर त्यातले हे चार-सहा.

अरुण, म्हणजे माझा नवरा, अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. कारखान्याचा एका जपानी कंपनीशी करार झाला आणि अरुणला दोन वर्षांसाठी टोकियोला पाठवायचं ठरलं. बायकोसकट! मी बिनपगारी रजा टाकली. घरी आम्ही तिघंच. आम्ही दोघं आणि अरुणची आई. माझे सासरे गिरणीत होते. ते गेल्यावर आई लालबागची खोली सोडून आमच्याकडे मुलुंडला आल्या. चाळीस वर्षं मुंबईत काढूनही त्यांची मालवणी तसूभर हलली नव्हती.

*

अरुणचं पहिलं फर्मान होतं, "व्हिसा हातात येईपर्यंत कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही." मी माझ्या आईलासुद्धा सांगितलं नाही. तोंड दाबून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात हाळी ऐकू आली. आमची नेहमीची कोळीण टोपली घेऊन एकेक मजला चढत होती. "पापलेट घ्या, हलवा घ्याऽऽ" आणि त्याच सुरात, "परबांचा अरुण जपानला चाललाऽऽ!"

तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत दारं उघडली.

अरुण आईंवर भडकला. "अगं, मी काय सांगितलं होतं तुला?"

आई शांत. "मी खय कोणाक सांगलंय? कोळणीक सांगलंय. ती काय आपल्या बिल्डिंगीतली?"



कोळीण तोवर आमच्या दारात टेकली होती. गिऱ्हाईक जाणार म्हणून तिचं तोंड उतरलेलं. "तिकडं मावरं खातात का नाय?" तिने विचारलं.

"खातात. पण कच्चं खातात," अरुणने सांगितलं.

कोळणीने जरा विचार केला. "कच्चंच? मंग मी पन येते. साफ करून द्यायची भानगड नाय!"

*

बातमी फुटल्यावर खालच्या मजल्यावरचे देवधर काका वर आले. काका सोसायटीचे सेक्रेटरी. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. बिल्डिंगमधला एकमेव फोन त्यांच्याकडे, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला आधी कळतं अशी त्यांची समजूत होती.

"टोकियो!" काका खुर्चीत बसत म्हणाले. "सूनबाई, जगातलं सगळ्यात महाग शहर. तिथे माणूस आजारीसुद्धा परवानगी काढून पडतो."

मग रोज संध्याकाळी काका नवीन बातमी घेऊन यायचे. तिथे कलिंगड भेट म्हणून देतात, खोक्यात घालून, रिबीन बांधून. तिथे टॅक्सीत बसलं की जमीन विकावी लागते. तिथे दाढीचं ब्लेड लोक धार लावून वापरतात. खरं किती, खोटं किती, देव जाणे! पण अरुण घाबरला. सेफ्टी पिना, बटणं, दोरे, साबण, टूथपेस्ट, सगळं दोन वर्षांचं घरात येऊन पडलं. पलंगाखाली जागा उरली नाही. केर काढायचा म्हणजे मला सरपटत जावं लागायचं.

एक दिवस काका म्हणाले, "आणि केस कापणं? ते तर परवडायचंच नाही."

झालं! अरुणने ठरवलं, मी केस कापायला शिकायचं. मी! माझ्या उभ्या जन्मात मी फक्त कोथिंबीर कापली होती. पण ऐकेल तर शपथ. बाल्कनीत स्टूल ठेवलं, गळ्याभोवती चादर गुंडाळली आणि म्हणाला, "हां, चालव बिनधास्त."

मी बिनधास्त कात्री चालवली. डावीकडे जरा जास्त गेली म्हणून उजवीकडे बरोबर करायला गेले. मग उजवीकडे जास्त गेली. अर्ध्या तासाने अरुण टोपी घालून स्टेशनजवळच्या सलूनमध्ये पळाला. सलूनवाल्याने टोपी काढली, आरशात बघितलं आणि म्हणाला, "साहेब, आता एकच इलाज."

अरुण चकोट करून घरी आला. बेल वाजवली. दार उघडलं आईंनी.

आमच्यात माणूस डोक्याचा गोटा कधी करतो ते तुम्हाला माहीत आहे. आईंनी त्या तुळतुळीत डोक्याकडे बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की रस्त्यावरचे लोक वर बघायला लागले.

"मेल्या! मी अजून जिती आसंय!"

प्रकरण एवढ्यावर थांबलं नाही. अरुणला जिना चढताना अर्ध्या बिल्डिंगने बघितलं होतं. थोड्या वेळात पांढरा सदरा घालून, चेहरा पाडून देवधर काका सांत्वनाला आले. दार पुन्हा आईंनीच उघडलं.

काका जे मागे सरकले ते थेट जिन्याच्या कठड्याला जाऊन आपटले!

*

निघायच्या महिनाभर आधी जपानी कंपनीचे एक साहेब अंधेरीच्या कारखान्यात आले होते. तानाका-सान. अरुणने त्यांना जेवायला बोलावलं. मला आदल्या दिवशी सांगितलं, हे सांगायला नको.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यात पलंगाखालचा बाजार वर आलेला. मी रडकुंडीला आले. पडदे धुतले, सामान चादरीखाली झाकलं. आईंनी कोंबडी-वडे केले, सोलकढी केली. देवधर काकांनी स्वतःची कटलरी पाठवली, त्यात एकच सुरी आणि पाच काटे होते.

तानाका-सान आले. दारात आल्या आल्या बूट काढले, नीट जोडून ठेवले. आई खूश. मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "बघ, जपानातलो माणूस असान चपला भायर काढता. तुझ्या ऑफिसातले येतत ते?"

माणूस जेवला मनापासून. घाम पुसत पुसत वडे खाल्ले, सोलकढी दोनदा मागितली. मग इकडेतिकडे बघत अरुणला इंग्रजीत म्हणाला, "पराब-सान, तुमचं घर फार मोठं आहे."

आम्हाला वाटलं, रीत म्हणून बोलतोय. आम्हीही रीत म्हणून म्हटलं, "छे छे, लहानच आहे."

"नाही, नाही. मोठं आहे," तो गंभीरपणे म्हणाला. मग अरुणने हळूच विचारलं, "आम्हाला तिकडे कंपनी देणार ते घर केवढं असेल?"

तानाका-सान उठला. स्वयंपाकघराच्या दारात गेला. ओट्यापासून फ्रीजपर्यंत हाताने रेघ मारली आणि फ्रीजपासून खिडकीपर्यंत दुसरी.

"अच्छा, म्हणजे किचन एवढं," मी म्हटलं.

"किचन नाही," तो नम्रपणे म्हणाला. "सगळं."

अरुणचा चेहरा बघवेना. सहा महिन्यांनी आईला तिकडे बोलावून घ्यायचं, असं त्याच्या मनात होतं. आईंनी सगळं नीट समजावून घेतलं आणि तानाका-सानच्या पानात आणखी एक वडा वाढला.

"मगे त्या खुराड्यात जावन तुम्ही दोघां करतलास काय?"

तानाका-सानने विचारलं, त्या काय म्हणाल्या? अरुण म्हणाला, "आणखी जेवा म्हणाल्या."

*

परदेशी जाणारा माणूस म्हणजे फुकटातलं पोस्ट ऑफिस, अशी आपल्याकडे समजूत आहे. "एवढंसंच आहे गं, कोपऱ्यात बसेल." ते एवढंसं म्हणजे लोणच्याची बरणी!

समोरच्या मंजुबेन माझी चांगली मैत्रीण. त्यांचा भाऊ अमेरिकेत होता, न्यू जर्सीला. त्या खाकऱ्यांचं भलंमोठं पुडकं घेऊन आल्या. "सुलभा, हे भाईला देऊन दे ने."

"मंजुबेन, आम्ही जपानला चाललोय. भाई अमेरिकेत."

"हां, पण जपाननंतर अमेरिकाच येते ने?"

मी कपाळाला हात लावला आणि अरुणला हाक मारली. अरुणने शाळेतला जुना ॲटलास काढला. त्यातलं जगाच्या नकाशाचं सुटं झालेलं पान टेबलावर पसरलं. "हे बघा मंजुबेन. जपान इकडे, अगदी या टोकाला. अमेरिका तिकडे, त्या टोकाला. मध्ये अख्खं जग आहे!"

मंजुबेननी नकाशा निरखून बघितला. मग ते पान उचललं, नळीसारखं गुंडाळलं आणि दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवली.

"जो, बघ! बाजूबाजूलाच तर आहे!"

माझा इंजिनिअर नवरा बघतच राहिला. चूक कुठे आहे ते त्याला सांगता येईना. खाकरे ठेवून घ्यावे लागले. विमानात बसायच्या आधीच आम्ही ते संपवले, हे मंजुबेनना अजून माहीत नाही.

*

बॅगा भरून झाल्या आणि वजनाचा प्रश्न आला. विमानात माणशी वीस किलो. घरातला काटा पोहे मोजायचा. देवधर काकांनी तोडगा काढला, "रस्त्यापलीकडे भंगारवाला आहे. त्याच्याकडे मोठा काटा आहे."

भर दुपारी आम्ही बॅगा ओढत रस्ता ओलांडला. नवीन कोऱ्या बॅगा भंगाराच्या काट्यावर चढवल्या. अख्खा रस्ता बघत होता. मी पदर पुढे ओढून घेतला.

भंगारवाल्याने वजन केलं, बॅगेवर थाप मारून आतला खडखडाट ऐकला आणि म्हणाला, "ताई, लोखंड कितना, कपडा कितना? भाव अलग पडता है."

"विकायला नाही आणली! आम्ही जपानला चाललोय!"

त्याने एकदा बॅगेकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. "वहाँ जादा भाव है क्या?"

वजन भयंकर भरलं होतं. मी मरमर करून एकेक कपडा मोजून ठेवला होता, मग एवढं भरलं कशाने? तिथेच, रस्त्याच्या कडेला, बॅग उघडली. कुकर, तवा, कढई हे माझंच होतं. पण खाली अरुणच्या स्वेटरमध्ये काहीतरी बाळासारखं गुंडाळून ठेवलं होतं.

सोडलं तर आत वरवंटा! काळा, दगडी, जातिवंत.

घरी येऊन तो आईंच्या पुढे ठेवला. माझा संताप नुसता उकळत होता. "आई, हे काय?"

"मसालो वाटूक नको? मिक्सरात वाटलेल्याक चव खय असता?" त्या म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून जरा नरमल्या. "गो, मी पाटो घालूक नाय. जड होतो म्हणान. पाटो थय गावतलो."

*

आता खरी पंचाईत होती आईंची. आम्ही गेल्यावर त्यांनी राहायचं कुठे? अरुणची बहीण लांब, नागपूरला. तिथे जायला आई तयार नव्हत्या. "थय समुद्र नाय," म्हणाल्या. जणू मुलुंडला खिडकीत लाटा येत होत्या!

अशा वेळी जोगेश्वरीहून रमाकांत उगवला. हा अरुणचा मामेभाऊ. एरवी गणपतीलासुद्धा न फिरकणारा. हातात केळी घेऊन आला आणि आईंच्या पाया पडला.

"आत्ये, तू कसली काळजी करू नकोस. आम्ही येऊन राहतो इकडे. मी, ही आणि तिन्ही पोरं. तुला सोबत होईल."

"किती दिवस?" मी विचारलं.

"बघू ना वहिनी. घाई काय आहे?"

मी चहा टाकायला आत गेले. बाहेर येते तर रमाकांत खिशातला टेप काढून खिडकीखालची भिंत मोजतोय! आमचं कपाट कुठे सरकवता येईल, त्याचा डबल बेड कुठे बसेल, असं पुटपुटणं चाललेलं. अरुण नुसता बघत उभा. आई सोडून कुणावर त्याला रागावता येत नाही, हा त्याचा जुना आजार. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई पलंगावरून उठल्या. जमिनीवर सतरंजी पसरली आणि तिच्यावर सरळ आडव्या झाल्या. हातपाय ताठ.

"आत्ये, काय झालं? बरं वाटत नाही का?" रमाकांत दचकला.

"माका काय धाड भरली? टेप आणलंस मा? मगे माझा पण माप घेवन ठेव. तिरडेक लागतला."

रमाकांतने चहा घेतला नाही. केळी मात्र विसरून गेला!

*

रमाकांत गेल्यावर हसणं-बिसणं झालं, पण अरुण हसत नव्हता. रात्रीचं जेवण त्याने अर्धं टाकलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "मी ऑफिसात नाही म्हणून सांगतो. दुसरा कुणीतरी जाईल. आईला अशी एकटी टाकून जाणं मला जमायचं नाही."

तीन महिने मी राबले होते. रजा मंजूर झाली होती, तिकिटं आली होती. पण खरं सांगू? मलाही तेच वाटत होतं. आई कधी एक दिवससुद्धा एकट्या राहिल्या नव्हत्या. गावी माणसांनी भरलेलं घर, मग लालबागची चाळ, मग आम्ही. आमच्याशिवाय त्यांनी कधी दाराला कडीसुद्धा घातली नसेल.

आई भाजी निवडत होत्या. ऐकू येत नाही असं दाखवत सगळं ऐकत होत्या. संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "उद्या तुम्ही दोघां घाटकोपराक जावा. सुलभाच्या आवशीकडे. रात्री थयच रवा."

"कशाला?"

"माका एकटी रवान बघूचा आसा. नाटकाची पण लोक तालीम करतत. मगे ह्येची नको?"

अरुणने खूप समजावलं. मी समजावलं. देवधर काका वर येऊन म्हणाले, "वहिनी, मी दर तासाला येऊन बघून जाईन." त्यावर आई म्हणाल्या, "तर मगे ती तालीम तुमची होतली, माझी नाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी आम्हाला अक्षरशः बाहेर काढलं. हातात पिशवी दिली. जाताना अरुणला दाराची साखळी बघायला सांगितली. नवीनच बसवून घेतली होती, मंजुबेनच्या ओळखीच्या सुताराकडून. आम्हाला पत्ताही नव्हता! आम्ही अजून उंबऱ्याबाहेर पुरते आलो नाही तोच मागे ती खळ्ळकन लागली.

घाटकोपरला माझ्या आईने जावयासाठी पुरणपोळ्या केल्या. जावयाचं लक्ष कशात नव्हतं. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने देवधर काकांना फोन लावला.

"काय करतेय आई?"

"काय माहीत!" काका वैतागून ओरडले. "मी गेलो होतो. दाराच्या फटीतून म्हणाल्या, नाव सांगा, काम सांगा. मी म्हटलं, अहो वहिनी, मी देवधर. तर म्हणाल्या, काम सांगा!"

अरुणला जरा बरं वाटलं. पण झोप काही आली नाही. कूस बदलत राहिला. उजाडलं तशी त्याने मला उठवलं. माझ्या आईने चहा घेऊन जा म्हटलं तर थांबायला तयार नाही. स्टेशनवर उतरल्यापासून माझ्या चार पावलं पुढे, जवळजवळ धावतच. वाटेत फक्त एकदा थांबला, आईंना आवडतात म्हणून गरम जिलब्या घ्यायला.

जिना त्याने दोन-दोन पायऱ्या गाळत चढला. बेल वाजवली. आत रेडिओवर भक्तिगीतं चालली होती. ती बारीक झाली. पावलं दारापर्यंत आली. दार उघडलं, पण साखळीपुरतंच. फटीतून आईंचा एक डोळा आणि अर्धं कपाळ दिसलं.

"कोण?"

"आई, मी."

"मी म्हणजे कोण?"

"अगं, मी अरुण! उघड ना!"

आईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. नुकत्याच फुटलेल्या केसांपासून हातातल्या जिलब्यांपर्यंत.

"अरुण जपानाक गेलो," त्या म्हणाल्या. "दोन वर्सांनी येतलो."

आणि दार लावून घेतलं.